भिरभिरं

वर गच्चीवरच या, पोरांनो. खाली ओसरीत मिरचीची पोती रचलीत, तिथं बसलो तर गोष्ट कमी आणि ठसका जास्त. धर्माबादेत राहायचं तर मोसमात हे असंच. थोरल्या, तेवढा पाण्याचा तांब्या वर घेऊन ये. धाकटी झोपली का? झोपू द्या. गोष्ट तिचीच आहे, पण तिला मी पुन्हा सवडीनं सांगीन.

थोरल्यानं परवापासून एकच प्रश्न लावून धरलाय. "आबा, नांदेडला धाकटीच्या डोक्याला तारा कामून लावल्या? शॉक देतात का?" तू एकटाच विचारत नाहीस रे. गल्लीतल्या दोघीतिघींनी तुमच्या आजीला हेच विचारलं, तेही दार लोटून, हळू आवाजात. तारा म्हटल्या की माणसाला वाटतं, त्यांतून आता काहीतरी आत सोडणार. तेव्हा आधी हे पक्कं ध्यानात घ्या, धाकटीच्या डोक्यात कुणी काही सोडलं नाही. वीज तिच्या डोक्यात आधीपासूनच होती. तुझ्या आहे, माझ्या आहे, त्या भिंतीवर बसलेल्या मांजराच्याही डोक्यात आहे. तारा लावल्या त्या ती वीज ऐकायला.

डोक्यात वीज कुठून आली? बाभळीचा बंधारा आठवा. गोदावरीवर १४ दरवाजे. सुप्रीम कोर्टाच्या निकालाप्रमाणं १ जुलैला ते वर उचलतात आणि २८ ऑक्टोबरपर्यंत उघडे ठेवतात. मग खाली सोडले की आपल्या बाजूला पाणी चढतं. दरवाजा उचलल्यावर पाणी धावतं ते कशाच्या जोरावर? अलीकडची पातळी उंच आणि पलीकडची खाली, त्या फरकाच्या जोरावर. मेंदूतली एकेक पेशी असाच एक बंधारा आहे. पाण्याच्या जागी क्षार समजा. आपल्या मिठातलं सोडियम पेशीच्या बाहेर जास्त, पोटॅशियम आत जास्त, आणि मधल्या पातळ पडद्याला इवलाले दरवाजे. आत-बाहेरचा फरक साधारण ७० मिलिव्होल्ट, म्हणजे भिंतीवरच्या घड्याळातल्या सेलचा विसावा भाग. दरवाजे क्षणात उघडतात, क्षणात मिटतात, क्षार आतबाहेर धावतात, आणि विजेचा भार घेऊनच धावतात. तीच वीज. असे बंधारे एकट्या तुझ्या डोक्यात किती असतील? सुमारे ८६०० कोटी. मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा पुस्तक मिटून थोडा वेळ नुसता बसून राहिलो होतो.

शरीरात वीज आहे, याचा पहिला सुगावा माणसाला बेडकानं दिला. इटलीत बोलोन्या गावी लुइजी गॅल्व्हानी म्हणून एक शास्त्रज्ञ होता. मेलेल्या बेडकाच्या तंगडीला धातू टेकला की ती झटका देई. हे त्यानं १७९१ साली लिहून छापलं. पुढं १८७५ मध्ये लिव्हरपूलच्या रिचर्ड केटन या डॉक्टरनं सशांच्या आणि माकडांच्या उघड्या मेंदूला तारा टेकवल्या. तारांचं दुसरं टोक एका नाजूक यंत्राला, यंत्रात टीचभर आरसा, आणि आरशाचा कवडसा समोरच्या भिंतीवर. तुम्ही पोरं दुपारी आरसा घेऊन आजीच्या तोंडावर ऊन पाडता ना, तसाच. जनावराच्या डोळ्यावर उजेड पडला की भिंतीवरचा तो कवडसा हलायचा. मेंदू बघतोय, हे भिंतीवर दिसत होतं! पण त्यासाठी त्या मुक्या जिवांची कवटी उघडावी लागली, आणि हा भाग सांगताना मला दर वेळी वाईट वाटतं.

कवटी न उघडता ते ऐकलं एका जर्मन माणसानं. त्याचं नाव हान्स बर्गर. त्याच्या आईचे वडील, फ्रीडरिख रुकर्ट, मोठे कवी आणि संस्कृतचे जाणकार होते. आपली नल-दमयंतीची कथा त्यांनी १८२८ साली जर्मन भाषेत नेली. पण ते १८६६ मध्ये गेले आणि नातू जन्मला १८७३ ला. त्या आजोबाची नातवाला गोष्ट सांगायची राहूनच गेली बघा.

हा नातू विशीच्या आसपास लष्करात होता. एके दिवशी कवायतीत घोडा बिथरला आणि हा खाली आपटला. मागून तोफेचा गाडा येत होता. चाक अंगावर येता येता थांबलं. संध्याकाळी घरून तार आली, बरा आहेस ना? घरी त्याच्या बहिणीला एकाएकी वाटलं होतं की भाऊ संकटात आहे, आणि तिनं वडिलांना तार करायला लावली होती. झालं. बर्गरच्या मनानं घेतलं की आपल्या डोक्यातून काहीतरी निघालं आणि ते बहिणीपर्यंत पोचलं. ते काय असेल, हे शोधायला तो डॉक्टर झाला.

मला विचाराल तर तो योगायोग होता. मेंदूची वीज इतकी क्षीण असते की शेजारच्या खोलीतही पोचायची नाही. पण बर्गर त्या वेड्या समजुतीच्या मागं तीस वर्षं चालला आणि त्याला सापडलं ते अगदी खरं. ६ जुलै १९२४ रोजी येना गावी, १७ वर्षांच्या एका मुलाच्या कवटीत ऑपरेशनमुळं हाडाला फट राहिली होती. त्या जागी तारा जोडल्या आणि यंत्रात बारीकशी थरथर दिसली.

आता बर्गरचा मला सगळ्यात आवडणारा भाग सांगतो. त्यानं गाजावाजा केला नाही. ही थरथर खरंच मेंदूची कशावरून? नाडीची असेल, श्वासाची असेल, कातडीच्या घामाची असेल, तार हलली असेल. पाच वर्षं तो एकेक शंका फेडत बसला. घरच्या मुलाला, क्लाऊसला, बसवायचा, त्याच्या डोक्यावर धातूच्या पट्ट्या लावायचा, आणि फोटोच्या कागदावर रेघ काढायचा. स्वतःच्या डोक्यावरही पट्ट्या लावून घ्यायचा. १९२९ मध्ये कुठं त्यानं पहिला लेख छापला. पुस्तकी मराठीत त्या रेघांना मेंदूआलेख म्हणतात, दवाखान्यात ईईजी.

त्याला दिसलं असं. माणूस जागा आहे, पण डोळे मिटून निवांत बसलाय. तेव्हा डोक्याच्या मागच्या बाजूला सेकंदाला दहाएक लाटा उठतात, एकसारख्या, डोलणाऱ्या. डोळे उघडले की लाट मोडते. पुष्कळांना हे खरं वाटेना. मग १९३४ मध्ये केंब्रिजच्या एड्रियन आणि मॅथ्यूज यांनी आपल्याच डोक्यांना तारा लावून पडताळा घेतला. एड्रियनना दोनच वर्षांपूर्वी नोबेल मिळालेलं, तेव्हा त्यांचं कोण नाकारणार? तशीच डुलती लाट त्यांना एका पाणकिड्याच्या डोळ्यामागच्या मज्जागाठीतही सापडली. पाण्यातला किडा आणि केंब्रिजचा प्रोफेसर, दोघंही डोळ्यांचं काम थांबवून बसले की आत तसलाच ताल. बर्गर मात्र १९४१ साली फार दुःखात गेला. ते तुम्ही मोठे झालात की सांगीन.

मधली विचारतेय, इतक्या कोटी पेशींचा गलबला आणि मध्ये हाडाची कवटी, मग बाहेर ऐकू काय येणार? बरोबर आहे. बाहेर येईपर्यंत ती वीज घड्याळाच्या सेलच्या तीस हजाराव्या भागाइतकी उरते. आता आपल्या गल्लीतला हरिनाम सप्ताह आठव. मंडपात टाळकरी जमत असतात, जो तो आपला टाळ वाजवून बघतो, गप्पा चालतात. तू घरात बसलेली असतेस, तुला नुसती कुजबुज ऐकू येते. मग मृदंगावर थाप पडते, पन्नास टाळ एका ठेक्यात पडतात, आणि ते चार गल्ल्या ओलांडून रेल्वे स्टेशनापर्यंत जातं. टाळ तेवढेच, पण एकदम पडले. मेंदूचंही तसं. कवटीबाहेर ऐकू येतं ते हजारो-लाखो पेशी एका तालात आल्या तर. म्हणून एक उलटीच गंमत होते. तू गणित सोडवतेस तेव्हा पेशी आपापल्या कामात असतात, रेघ बारीक आणि घाईची उमटते. निवांत झालीस की लाट मोठी. गाढ झोपलीस की त्याहून मोठी आणि संथ, सेकंदाला एखाददुसरीच.

आणि झोपेतही आत शांतता नसते बरं. शिकागोला युजीन अ‍ॅसेरिन्स्की नावाचा एक विद्यार्थी होता. त्यानं आपल्या आठ वर्षांच्या मुलाला, आर्मंडला, तारा लावून रात्री झोपवलं. मध्येच मुलाचे डोळे पापण्यांखाली भराभर फिरायला लागले आणि मेंदूची रेघ जाग्या माणसासारखी झाली. त्याला वाटलं पोरगा उठला. जाऊन पाहतो तर गाढ झोपेत! ते स्वप्नाचं राज्य होतं. १९५३ मध्ये ते छापून आलं. बघा, क्लाऊस काय, आर्मंड काय, मेंदूच्या या विद्येत बापांनी आपल्याच लेकरांची डोकी पुढं केली, कारण यात दुखत-खुपत नाही याची त्यांना खात्री होती.

आता धाकटीचं. बासरला सरस्वतीपुढं तिची अक्षरओळख केली तेव्हा तिनं पाटीवरचं अक्षर कसं ठसठशीत गिरवलं होतं! आणि या दिवाळीनंतर तिच्या वहीत मध्येच रेघा दिसू लागल्या. अक्षर चाललंय, चाललंय, आणि एकदम पेन्सिल घसरत खाली गेलेली. पुढं पुन्हा नीट अक्षर. बाईंनी शेरा लिहिला, लक्ष नसते. मीही एकदा तिच्यावर ओरडलो. जेवताना घास हातात धरून ती शून्यात बघायची, हाक मारली तरी नाही, आणि दहा सेकंदांनी काही झालंच नाही अशी जेवू लागायची. मी म्हणालो, नाटकं करू नकोस. ते माझे शब्द मला अजून टोचतात. लेकराचं लक्ष कुठं जात नव्हतं, तेवढे क्षण लेकरूच जागेवर नव्हतं.

नांदेडच्या डॉक्टरांनी ईईजी सांगितला. दोन अटी होत्या. आदल्या दिवशी केस धुवायचे आणि तेलाचा थेंब लावायचा नाही. तुमच्या आजीचा जीव वरखाली झाला, कोरड्या डोक्यानं पोर परगावी न्यायची म्हणजे काय! पण तेल असलं की तारेची वाटी टाळूला नीट धरत नाही. दुसरी अट, रात्री उशिरापर्यंत जागवायचं. डोळा लागताना काही खुणा उमटतात, त्या पकडायच्या असतात.

तिथं एका ताईंनी आधी टेपनं डोक्याची मापं घेतली. नाकाच्या वरच्या खळगीपासून मागच्या हाडाच्या उंचवट्यापर्यंत. त्या अंतराचे दहा आणि वीस टक्के धरून पेन्सिलीनं २१ खुणा केल्या. ही मोजणी हर्बर्ट जास्पर यांनी १९५८ साली लावून दिली, म्हणून नांदेडची रेघ आणि टोकियोची रेघ शेजारी ठेवून वाचता येते. खुणेवर पांढरी पेस्ट आणि त्यावर तार. पंखा बंद, मोबाईल बाहेर, कारण घरातली वीज सेकंदाला पन्नास हेलकावे खाते आणि या नाजूक रेघांत घुसते. धाकटीनं डोळे मिचकावले की पडद्यावर डोंगर उठायचा, दात चावले की काळा गिचमिडा. ते मेंदूचं नसतं, स्नायूंचं आणि बुबुळांचं असतं, आणि ते वेगळं काढणं हीच वाचणाऱ्याची विद्या. थोडा वेळ डोळ्यांपुढं दिवा लुकलुकवला. काही नाही.

मग त्या ताईंनी तिच्या हातात कागदाचं भिरभिरं दिलं. म्हणाल्या, फुंकत राहा बेटा, थांबायचं नाही. तीन मिनिटं फुंकायचं होतं. जोरजोरात श्वास सोडला की रक्तातला कार्बन डायऑक्साइड उतरतो, मेंदूच्या रक्तवाहिन्या आवळतात, आणि पेशी चटकन पेटायच्या बेतात येतात. भिरभिरं गरागरा फिरत होतं. दुसरं मिनिट सरत आलं आणि ते थांबलं. धाकटीचे डोळे उघडे होते. तोंड फुंक मारायच्या आकारातच होतं. आणि पडद्यावर, डोक्याच्या पुढच्या, मागच्या, डाव्या, उजव्या, सगळ्या रेघा एकदम उसळल्या. एक सुळका, एक घुमट, एक सुळका, एक घुमट. सेकंदाला तीन. नऊ सेकंद. मग रेघा खाली बसल्या आणि भिरभिरं पुन्हा फिरायला लागलं. तिला विचारलं, मध्ये का थांबलीस ग? ती म्हणाली, कुठं थांबले?

पोरांनो, मी या जगात पुष्कळ पाहिलंय. किल्लारीचा भूकंप पाहिला. पण त्या नऊ सेकंदांइतका मी कशानं हललो नाही. सप्ताहात सगळे टाळकरी एकाच ठेक्यावर अडकून बसले, एकालाही पुढचा चरण घेता येईना, तर भजन चालेल का? आवाज मात्र केवढा मोठा होईल! तसं झालं होतं तिच्या डोक्यात. एरवी जी जाणीव असंख्य पेशींच्या वेगवेगळ्या सुरांतून बनते, ती त्या एकाच ठोक्यात विरून जाते. बॉस्टनच्या गिब्ज, डेव्हिस आणि लेनॉक्स या तिघांनी हीच तीनच्या तालाची रेघ १९३५ साली छापली होती. म्हणून आपल्या डॉक्टरांना धाकटीचा आजार पाहताक्षणी कळला. लहानपणचं फेफरं आहे, आकडी न येता येणारं. रोज गोळी घ्यायची. वयात येताना पुष्कळ मुलांचं हे आपोआप थांबतं.

थोरला विचारतोय, म्हणजे त्या यंत्राला मनातलंही कळतं? नाही. घरात बसून तुला ठेका कळला, पण आत कोणता अभंग चाललाय हे कळलं का? लोकांनी मात्र तसा दावा केला. डोक्याला तारा लावून, गुन्ह्याची वाक्यं ऐकवून, आठवण खरी की खोटी ते ओळखायचं. पुण्याच्या सत्र न्यायालयात २००८ साली एका खुनाच्या खटल्यात अशा चाचणीचा अहवाल पुराव्यात धरला गेला आणि जगभर चर्चा झाली. मग ५ मे २०१० रोजी सुप्रीम कोर्टानं सांगितलं, माणसाच्या मर्जीविरुद्ध अशी चाचणी करता येणार नाही. फार चांगलं झालं. ऐकण्याची विद्या आजाऱ्यासाठी आहे, कोंडून धरलेल्या माणसाचं तोंड उघडायला नाही.

आणखी एक ऐकणं आहे, त्यात डोक्याला हातही लावावा लागत नाही. वीज वाहिली की भोवती चुंबकत्व येतं, हे तू होकायंत्रापाशी तार धरून पाहिलंयस. मेंदूच्या विजेभोवतीही ते असतं, पृथ्वीच्या चुंबकत्वापेक्षा कोट्यवधी पटींनी क्षीण. डेव्हिड कोहेन यांनी १९६८ मध्ये ते पहिल्यांदा पकडलं. त्याचं यंत्र बंगळुरूच्या निम्हान्समध्ये आहे, जाड भिंतींच्या खोलीत. त्यातलं द्रवरूप हेलियम शून्याखाली २६९ अंश इतकं गार असतं. फेफऱ्याचा उगम नेमका कुठं, ते त्यानं शोधतात.

आता शेवटचं, आणि हे खाली कुणाला बोलू नका. मोंढ्यात काट्यापाशी बसतात ते तुमचे काका, जे तुम्हाला चिंचा देतात. आम्ही एका वर्गात होतो. चौथीत असताना तो वर्गातच कोसळला. हातपाय झाडले, तोंडाला फेस आला. कुणी चप्पल हुंगवली, कुणी कांदा फोडला, कुणी दातांत चमचा घातला, त्यानं एक दात तुटला. खरं तर अशा वेळी माणसाला कुशीवर करायचं, डोक्याखाली काही मऊ ठेवायचं, तोंडात काही घालायचं नाही, आणि पाच मिनिटांत थांबलं नाही तर दवाखाना गाठायचा. तेवढंही आम्हाला कुणी शिकवलं नव्हतं. सगळे म्हणाले, बाहेरचं आहे. किती ठिकाणी नेलं, किती धागे बांधले. शाळा सुटली. लग्न झालं नाही. हिंदू विवाह कायद्यातसुद्धा १९९९ पर्यंत फेफरं हे लग्न रद्द ठरवून घ्यायला चालणारं कारण होतं, मग गावाला काय बोल लावायचा? आम्ही दोघं पोहायला जायचो ते बंद झालं. मी विचारलंही नाही कामून बंद झालं, मला ठाऊक होतं आणि मी गप्प बसलो.

काल तो मिरचीचा हिशेब द्यायला आला. मी धाकटीचा कागद पसरून बसलो होतो. त्यानं विचारलं, हे काय? मी त्याला सुळका आणि घुमट दाखवला. म्हटलं, हे सगळं तिच्या आतलंच, बाहेरचं काही नाही. तो बराच वेळ वाकून बघत राहिला. मग त्यानं त्या नऊ सेकंदांवरून बोट फिरवलं, अगदी हळू, सुरुवातीपासून शेवटापर्यंत. बोटाला मिरचीची पूड होती, कागदावर लाल ओघळ उमटला. म्हणाला, "माझंबी असंच असंल का रे?"

अजूनही त्याला महिन्यातून एखादा झटका येतो. मी म्हटलं, बघू की. सोमवारच्या सकाळच्या गाडीनं आम्ही दोघं नांदेडला निघणार आहोत. जाताना पायरीवर थांबून त्यानंही तुझ्यासारखंच विचारलं, थोरल्या, शॉक देतात का म्हणून. मी त्याला सांगितलं, रविवारी डोकं स्वच्छ धू, आणि तेल लावू नको.